आधी कोलाड, मग दुबई

पेण-रोह्याकडची हॉटेल मॅनेजमेंट आणि पर्यटन शिकणारी मुलं परदेशी इंटर्नशिपची चौकशी करतात, तेव्हा पहिला प्रश्न स्टायपेंडचा असतो. गैर काहीच नाही, कर्ज घरच्यांनाच फेडायचं असतं. पण तिथं शिकायला काय मिळणार, हे फारसं कुणी विचारत नाही. अमेरिकेचा जे-१ व्हिसा याबाबत काटेकोर आहे: या क्षेत्रातलं प्रशिक्षण जास्तीत जास्त १२ महिन्यांचं, ६ महिने किंवा अधिक असेल तर किमान ३ विभागांत फिरवायचं, आणि सगळं आधी लेखी आराखड्यात. वर्षभर नुसत्या चादरी बदलणं त्यात बसत नाही. तो आराखडा एजंटकडे मागावा. त्यानं टाळाटाळ केली तर समजून जावं. त्याआधी रोहा तालुक्यातल्या कोलाडला एक हंगाम काढावा. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटलं की सकाळी कुंडलिकेत राफ्ट उतरतात, आणि पाणी कुणासाठी थांबत नाही. उशिरा उगवलेल्या मुंबईकराला हे हसतमुखानं पटवणारी पोरगी दुबईच्या रिसेप्शनवर गडबडणार नाही, असं आपलं माझं मत. पेणमध्ये तर गणपतीचे कारखाने गल्लोगल्ली आहेत. तिथं पाहुणे फिरवून आणण्याला प्रात्यक्षिकाचे गुण द्यायला काय हरकत आहे?