अष्टविनायक : क्रम की रस्ता?



‘मोरगावपासून क्रमानेच निघा, नाहीतर यात्रा अपुरी’ असा सल्ला देणारे पत्र वाचले. परंपरा नाकारायची नाही, पण पत्रलेखकांनी नकाशा उघडलेला दिसत नाही. शास्त्रोक्त क्रमात सिद्धटेकनंतर थेट पाली येते, म्हणजे भीमेच्या काठावरून घाट उतरून कोकणात. तिथून महड, मग पुन्हा वर थेऊर! म्हातारी माणसे सोबत असतील तर त्यांचे अर्धे दिवस गाडीतच जायचे.

आम्हा चिंचवडकरांना सोयीचे असे : पवनाकाठी मोरया गोसावींच्या समाधीला नमस्कार करून पहिल्या दिवशी मोरगाव, सिद्धटेक, थेऊर. दुसऱ्या दिवशी रांजणगाव करून ओझरला मुक्काम. तिसऱ्या दिवशी उन्हाआधी लेण्याद्री, कारण तिथे तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि गाभारा बौद्ध लेण्यात. महड-पाली वेगळ्या रविवारी.

खरी परीक्षा परतीची. नाशिक रस्त्याने येताना चाकणच्या तळेगाव चौकात पाळी सुटायच्या वेळी सापडलात, की कंटेनर आणि कामगारांच्या बसगाड्यांमध्ये आरती गाडीतच म्हणावी लागते. दुपारीच चाकण ओलांडा. भोसरीकडच्या अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. तो दिवस हाती असेल तर देवळांतली शनिवार-रविवारची रांगही टळते. संकष्टी मात्र टाळा.

क्रमाचा आग्रहच असेल, तर शेवटी पुन्हा मोरगावला जावे लागते. ते त्या पत्रात राहूनच गेले आहे.

— एक वाचक, चिंचवडगाव