फुकटचा टेलिकन्व्हर्टर

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या पक्षीनिरीक्षणाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका काकांनी धाविकाचा फोटो टाकला. धाविक म्हणजे माळरानावर तुरुतुरु पळणारा, मातीच्या रंगाचा, डोळ्यावरून काळी-पांढरी पट्टी गेलेला देखणा पक्षी. काका निवृत्त आहेत. त्यांच्याकडे लांब झूमचा, लेन्स न बदलता येणारा कॅमेरा आहे. ब्रिज कॅमेरा म्हणतात तो. फोटोत उन्हाच्या झळांनी कडा थरथरल्या होत्या आणि पिसांच्या जागी नुसता तपकिरी रंग पसरलेला होता. पण पक्षी धाविकच होता, त्यात शंका नव्हती.

पाच मिनिटांत शेरे सुरू झाले. ‘सॉफ्ट आहे.’ ‘हीट हेझ.’ ‘ब्रिजला एवढंच जमणार.’ त्याखालचा शेरा माझा होता: ‘काका, छान, पण अजून थोडं जवळ जायला हवं होतं.’

काकांचं उत्तर रात्री आलं. ‘सोबत दोन पिल्लं होती. म्हणून गाडीतून उतरलो नाही.’

मी फोटो बोटांनी मोठा करून परत बघितला. धाविकाच्या डावीकडे मातीची दोन ढेकळं होती. ती ढेकळं नव्हती.

तेव्हापासून जे डोक्यात घोळतंय ते स्पष्टच लिहितो. आपल्याकडे पक्ष्याच्या ‘चांगल्या’ फोटोची जी व्याख्या झाली आहे, तिची किंमत पक्षी मोजतात. पिसन्‌पीस दिसलंच पाहिजे, या हट्टावर खात्रीचा उपाय एकच आहे, जवळ जाणं. लांब लेन्स, टेलिकन्व्हर्टर, ८३ एक्स नि १२५ एक्सचे झूम हे सगळं आपण घेतो ‘लांबून फोटो काढता यावा’ म्हणून, आणि वापरतो मात्र जवळ गेल्यावर.

आधी यंत्राबद्दल, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतात.

टेलिकन्व्हर्टर ही लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी काचांची आखूड नळी. लेन्सने तयार केलेल्या चित्राचा मधला भाग ती मोठा करून सेन्सरवर पसरते. १.४ एक्सचा लावला की ६०० मिलिमीटरची लेन्स ८४० होते, २ एक्सचा लावला की १२००. ऐकायला झकास. पण लेन्समधून आत येणारा प्रकाश तेवढाच राहतो आणि तोच जास्त जागेवर पसरतो. पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी घालतात ना, तसं. १.४ ला प्रकाश निम्मा होतो, २ एक्सला पाव. एफ/६.३ ची लेन्स एफ/९ किंवा थेट एफ/१३ होऊन बसते. जो फोटो आयएसओ ८०० वर निघाला असता, तो त्याच शटर स्पीडला २ एक्स लावून काढायचा तर आयएसओ ३२०० लागतो. जुन्या डीएसएलआरचा ऑटोफोकस बहुतेक वेळा एफ/५.६ पर्यंत, काहींचा एफ/८ पर्यंत नीट चालतो. त्यापुढे तो अंधारात चष्मा शोधल्यासारखा मागे-पुढे करत राहतो. मिररलेस कॅमेरे फोकस करतात, पण संथ होतात. शिवाय चित्र मोठं होताना लेन्सचे दोषही मोठे होतात. स्वस्त झूमला टेलिकन्व्हर्टर लावून काढलेला फोटो आणि तोच फोटो टेलिकन्व्हर्टरशिवाय काढून नंतर क्रॉप केलेला, यात बरेचदा डावं-उजवं करता येत नाही.

ब्रिज कॅमेऱ्याची गोष्ट जरा वेगळी. निकॉनचा पी९०० २०१५ मध्ये आला, त्याचा झूम ८३ एक्स. २०१८ च्या पी१००० चा १२५ एक्स, जाहिरातीत ‘३००० मिलिमीटर’. हे ३००० म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या हिशेबातला आकडा. लेन्सची खरी फोकल लेंग्थ ५३९ मिलिमीटर, आणि सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाहून लहान. पूर्ण झूमला अ‍ॅपर्चर एफ/८. तिथे विवर्तनामुळे प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर दहा-अकरा मायक्रॉनचा ठिपका होऊन पडतो, आणि पिक्सेल असतो जेमतेम १.३ मायक्रॉनचा. एका बिंदूचा डाग आठेक पिक्सेल रुंद! कॅमेरा कितीही भारी हातात द्या, हे गणित बदलत नाही. काकांचा फोटो सॉफ्ट असण्यात काकांची चूक शून्य होती.

आणि यंत्राच्या पुढे हवा आहे. उजनीच्या पाण्यावर किंवा माळावर ऊन चढलं की हवा हलू लागते. शंभर मीटरवरच्या पक्ष्याचा फोटो काढताना आपण शंभर मीटर हलत्या हवेचाही फोटो काढत असतो. झूम वाढवला की पक्ष्याबरोबर तीही मोठी होते. दहा लाखांच्या पुढची ६०० एफ/४ लेन्स तिथे तेवढीच हतबल.

यातून सुटायची एक वाट आहे आणि ती प्रत्येक फोटोग्राफरला लवकरच सापडते. अंतर निम्मं करा. पक्षी फ्रेममध्ये दुप्पट मोठा होतो, २ एक्स लावल्यासारखा. प्रकाश कमी होत नाही, ऑटोफोकस अडखळत नाही, मधली हवाही निम्मी होते. फुकटचा टेलिकन्व्हर्टर! बिल येतं, पण ते आपल्या नावावर येत नाही.

मी हे बिल एकदा दुसऱ्याच्या नावावर फाडलं आहे. तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. पहिल्या मोठ्या बोनसमधून १५०-६०० ची झूम घेतली होती. पुण्याबाहेरच्या एका पडीक प्लॉटवर टिटवीचं घरटं असल्याचं कळलं. घरटं म्हणजे काय, उघड्या जमिनीवर खडे गोळा केलेला उथळ खळगा आणि त्यात खड्यांसारखीच दिसणारी चार अंडी. मी पन्नास मीटरवरून सुरुवात केली. फोटो सॉफ्ट. चाळीस. तरी सॉफ्ट. शेवटी आठेक मीटरवर पोटावर झोपलो. टिटवी अंड्यांवरून उठली, डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, मग समोर उतरून पंख पसरून उभी राहिली. तोच फोटो. डोळ्यासमोरची लाल लोळी, चोचीचं काळं टोक, मानेवरची बारीक पिसं, सगळं काचेसारखं. ग्रुपवर ‘काय डिटेल्स!’ म्हणून कौतुक झालं. कुठे काढला, हे चौघांनी विचारलं. किती अंतरावरून, हे कोणीच विचारलं नाही.

उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवर बसते ती बऱ्याचदा ऊब द्यायला नसतेच, सावली धरायला असते. पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. हे मी नंतर वाचलं. मी तिथे किमान वीस मिनिटं होतो, आणि वीस मिनिटं ती चार अंडी मे महिन्याच्या उन्हात उघडी होती. टिटवी देखील समुद्र आटविते, असं आपल्याकडे म्हणतात. माझ्यासमोरच्या टिटवीला एक सॉफ्टवेअर इंजिनिअर हटवता आला नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. मारणं, पकडणं, सापळा लावणं हे तर त्यात आहेच. पण पक्ष्यांची अंडी खराब करणं आणि अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणं हेही त्याच व्याख्येत बसतं. आपण बोलताना ‘शूट करून आलो’ म्हणतो आणि हसतो. कायद्याने ते फारसं विनोदी धरलेलं नाही.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘म्हणून तर लांब लेन्स घ्या.’ मीही तेच म्हणायचो. माझ्याकडे आधी ७०-३०० होती. तेव्हा मी पक्ष्यापासून जितका लांब थांबायचो, तितकाच ६०० आल्यावरही थांबत होतो. आधी पूर्ण पक्षी फ्रेममध्ये आला तरी खूश असायचो, आता डोळ्यातलं प्रतिबिंब हवं होतं. लेन्स वाढली, तशी भूकही वाढली. अंतर तेवढंच राहिलं.

भिगवणला हे गटागटाने चालतं. हिवाळ्यात बोटीत सहा जण, सहा मोठ्या लेन्स, आणि समोर उथळ पाण्यात डोकं उलटं करून चोचीने चिखल गाळणारे रोहित. मागच्या खेपेला आमचा बोटवाला म्हणाला, ‘साहेब, खाणं सोडून चालायला लागले की समजायचं, बास झालं. पुढे गेलो की उठणार.’ एवढं सोपं आणि नेमकं पक्षीवर्तन मला कुठल्या कोर्सने शिकवलं नव्हतं. त्यावर बोटीतून आवाज आला, ‘मग उठवा ना दादा, फ्लाइट शॉटच हवाय.’ बोटवाला काय करणार? पुढच्या रविवारचा फोन याच माणसांच्या फोटोंवर अवलंबून. त्याच पाण्यावर पट्टकदंब हंस असतात, हिमालय ओलांडून आलेले. त्यांना आपण शेवटच्या पन्नास मीटरसाठी पुन्हा उडवतो.

दुसरं उत्तर: ‘सुंदर फोटोंमुळेच लोकांना पक्ष्यांचं प्रेम लागतं.’ खरं आहे. मलाही फोटो बघूनच हा नाद लागला. पण सुंदर फोटो आडोशाला तासन्‌तास बसून, पक्ष्याला आपल्या मर्जीने जवळ येऊ देऊनही निघतात. त्याला रविवारची एक सकाळ पुरत नाही, एवढंच. आणि प्रेम लागलेला माणूस पुढे काय करतो? कॅमेरा घेतो, ग्रुपमध्ये येतो, पहिला फोटो टाकतो आणि त्याला सांगितलं जातं: जवळ जायला हवं होतं.

तिसरं: ‘आपण निघालो की पक्षी परत येतोच.’ येत असेल. पण हे सांगणारा माणूस तोवर टपरीवर मिसळ खात असतो.

चौथं माझ्यासाठी राखीव: ‘कोल्ह्याला द्राक्षं आंबट.’ लेन्स माझ्याकडे आहे, १.४ एक्सही आहे. दोन्ही विकणार नाही. टेलिकन्व्हर्टर वाईट वस्तू मुळीच नाही. ज्या अंतरावर पक्षी खात राहतो, त्या अंतरावर थांबून तो लावला, तर त्याच्याइतकं सभ्य उपकरण नाही. अट इतकीच, की त्यातून येणारा दाणेदार, जरा मऊ फोटो आपल्याला लाज न वाटता दाखवता आला पाहिजे.

आणि लाज का वाटावी? २०२३ चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटींवर नोंदींवर उभा आहे. कोणते पक्षी घटताहेत, कोणते टिकलेत, हे त्यातून कळतं. ई-बर्डवर एखाद्या अनपेक्षित पक्ष्याची नोंद टाकली आणि खातरजमेसाठी पुरावा हवा असला, तर ओळख पटेल एवढा फोटो चालतो. डोळ्यावरची पट्टी दिसली, पाय दिसले, ठेवण दिसली, काम झालं. काकांचा धाविक या कसोटीला सहज उतरतो. माझी टिटवी पुण्यात कोणीही गच्चीवरून ओळखेल. तिच्या मानेवरची पिसं मोजून विज्ञानाच्या पदरात काय पडलं?

म्हणून ग्रुप चालवणाऱ्यांकडे एक मागणी आहे. आपण फोटोखाली कॅमेरा, लेन्स, आयएसओ, शटर, अ‍ॅपर्चर भक्तिभावाने लिहितो. त्यात दोन रकाने वाढवा. अंतर किती होतं? आणि पक्षी काय करत होता? खात होता, झोपला होता, मान ताठ करून आपल्याकडे बघत होता, की ओरडत होता? घरट्यांचे फोटो सरळ बंद करा. आणि ‘सॉफ्ट आहे’ असं लिहिण्याआधी हे दोन रकाने वाचायची सक्ती करा. लोक खोटं लिहितील, हे मला माहीत आहे. पण खोटं लिहायलाही तो प्रश्न आधी स्वतःला विचारावा लागतो.

सुरुवात स्वतःपासून करावी म्हणून गेल्या आठवड्यात मी टिटवीचा तोच फोटो ग्रुपवर पुन्हा टाकला. खाली लिहिलं: ६०० मिमी, एफ/६.३, १/२०००, आयएसओ ४००. अंतर: अंदाजे ८ मीटर. पक्षी काय करत होता: ओरडत होता.

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग काकांचा मेसेज आला. ‘नंतर पिल्लं निघाली का?’

मी परत गेलोच नव्हतो.