निळ्या शाईची रेघ

आमच्या अंबाजोगाईस ज्यांनीं दासोपंतांची पासोडी पाहिली आहे, त्यांस अक्षर आणि रेखा यांचें नातें समजावून सांगण्याची गरज नाहीं. सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा वस्त्रावर या सत्पुरुषानें पंचीकरणाचा गहन विषय लिहून काढिला, आणि जेथें ओव्यांनीं भागेना तेथें आकृति रेखून तिच्या पोटांत अक्षरें बसविलीं. १६१५ सालीं ते याच गांवीं समाधिस्थ झाले. त्यांस लेखनासाठीं रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका येथील वृद्ध अद्यापि सांगतात. ती शाई वस्त्रांत एकदां मुरली कीं मुरली. चुकलेली रेघ मागें घेण्याची सोय दासोपंतांना नव्हती. आमच्या घरांतील संगणकावर ती सोय आहे, आणि गेल्या महिन्यांत त्या सोयीनेंच आम्हांस मोठ्या पेचांत घातलें.

गोष्ट वंशवृक्षाची. माझ्या आजोबांनीं शके १८६२ मध्यें, म्हणजे १९४० च्या सुमारास, तो स्वहस्तें काढिला. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद, काजळाची शाई व बोरू. मध्यें एक विस्तीर्ण वड आणि पानापानावर कुळांतील एकेका पुरुषाचें नांव. आतां घड्यांवर कागद फाटला आहे, एक कोपरा वाळवीनें खाल्ला आहे, आणि पुढें तीन पिढ्या वाढल्या तरी झाडास एक पानही फुटलेलें नाहीं. येत्या मार्गशीर्षांत योगेश्वरीच्या उत्सवास आमचीं सर्व घराणीं जमणार आहेत. तेव्हां या वृक्षाची नीटनेटकी प्रत छापून घरोघर द्यावी, असें आम्हां बंधूंचें ठरलें. बाजारांतून करून घ्यावी, तर तिकडचा अनुभव चांगला नाहीं. वडील बंधूंच्या वर्षश्राद्धाच्या वेळीं एका दुकानीं फलक करण्यास दिला होता. जुन्या टंकांत इंग्रजी अक्षरांच्या जागीं मराठी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत. टंक बदलला कीं ते तुकडे उघडे पडतात. त्या घोटाळ्यांत ‘श्रद्धांजलि’ या शब्दाचा असा चुराडा झाला कीं, छत्तीस वर्षें मुलांच्या शुद्धलेखनाच्या वह्या तपासलेल्या माणसास शोकाबरोबर संतापही आवरेना. युनिकोड पद्धतींत प्रत्येक वर्णास स्वतःचा क्रमांक असल्यामुळें ही आपत्ति टळते. पण दुकानदारास तें कोण सांगणार? म्हणून काम घरींच करावयाचें ठरलें.

सूनबाईंनीं संगणकावर गिंप नांवाचें साधन घालून दिलें. अमेरिकेंतील बर्कले येथें शिकणारे स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोघां विद्यार्थ्यांनीं १९९५ सालीं त्याचा आरंभ केला; २०२५ च्या मार्चांत त्याची तिसरी आवृत्ति निघाली. तें विनामूल्य मिळतें, ही गोष्ट पेन्शनरास विशेष प्रिय. वंशवृक्षाचा कागद चार भागांत स्कॅन करून जोडला. इंचास ३०० ठिपके घेतले तरी छपाईस पुरतात, परंतु बोरूच्या अक्षराची कड स्वच्छ उतरावी म्हणून आम्हीं ६०० घेतले.

ज्या घरांत हें साधन नव्यानें येईल, तेथें मुलांना प्रथम कुंचला किंवा रंग दाखवूं नयेत, थर दाखवावा. यास इंग्रजींत लेयर म्हणतात. शाळेंत भूगोलाच्या तासाला आम्ही नकाशावर तेलकट पारदर्शक कागद ठेवून नद्या गिरवीत असूं. कागद उचलला कीं खालचा नकाशा जसाचा तसा. थर म्हणजे तोच कागद. मूळ चित्र तळच्या थरावर ठेवून त्यास कुलूप लावावें, आणि जें जें नवें तें वरच्या कोऱ्या थरावर करावें. प्रत्येक थरापुढें एक चिमुकला डोळा असतो. तो मिटला कीं थर दिसेनासा होतो, पण जात नाहीं. पाणिनीच्या मतें लोप म्हणजे केवळ न दिसणें; त्या संज्ञेचें इतकें प्रत्यक्ष उदाहरण मला पाठशाळेंतही मिळालें नव्हतें. एक सावधगिरी मात्र अवश्य पाळावी. काम गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ नमुन्यांत जपून ठेवावें. जेपीईजी केलें कीं सारे थर एकमेकांस चिकटतात व पुन्हां सुटत नाहींत.

रेखाटनाच्या साधनांत पेन्सिलीची कड करकरीत येते, कुंचल्याची मऊ. माझें मन रमलें तें ‘इंक’ या टाकांत. त्याचें टोंक गोल ठेवितां येतें, चपटें करितां येतें, तिरपें वळवितां येतें. इंग्रजी टाकाच्या उलट बाजूस तें तिरपें केलें कीं बोरूचें वळण बऱ्याच अंशीं साधतें. सरळ रेघ हवी असेल तर एका जागीं टिचकी मारून, शिफ्टची कळ दाबून दुसऱ्या जागीं टिचकी मारावी. पट्टी लागत नाहीं. माझा हात आतां कांपतो. त्यावर ‘स्मूथ स्ट्रोक’ हा उतारा आहे. त्यानें रेघ हाताच्या किंचित् मागून, कंप गाळून चालते. फांद्यांसाठीं तर हात स्थिर असण्याचीही गरज पडली नाहीं. ‘पाथ्स’ या साधनानें चार बिंदु द्यावे, मधली रेघ हवी तशी वांकवावी, आणि मनासारखी झाल्यावरच तिजवर शाई चढवावी. दोन दिवसांत झाडास सतरा नव्या फांद्या फुटल्या.

अक्षरांच्या बाबतींत माझे धाकटे बंधू आडवे आले. ते हौशी आहेत. मथळ्याच्या ‘वंशवृक्ष’ या शब्दास त्यांनीं सोनेरी रंग, जाड तपकिरी कड, खालीं काळी छाया व वर उठाव असे चारही अलंकार एकदम चढविले. पाहतों तों अनुस्वार कडेच्या जाडींत बुडून शिरोरेषेस चिकटला, आणि आमच्या कुळाचा ‘वशवृक्ष’ झाला! सूनबाई पदर तोंडाला लावून आंत गेल्या. देवनागरी अक्षराचा प्राण फार नाजूक जागीं असतो. घ आणि ध, म आणि भ यांतील भेद एका गांठीचा व शिरोरेषेंतील एवढ्याशा फटीचा. तेथें छाया भरली कीं धन आणि घन एकच. अक्षरांतील अंतर वाढविण्याची युक्ति इंग्रजीस शोभते, पण आमच्या शिरोरेषेचे ती तुकडे करिते. मराठी नाटकांच्या नांवांचीं अक्षरें काढणारे कमल शेडगे २०२० सालीं निवर्तले. त्यांच्या कामांत नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणांतूनच प्रकट होई, त्यास वरून दागिने घालावे लागत नसत. पण ही योग्यता कोठून आणावी? आम्हीं एक पातळ छाया ठेवून बाकीचे अलंकार उतरविले. तिसऱ्या आवृत्तींत हे परिणाम अक्षरावर कायमचे ठसत नाहींत, म्हणून बंधूंचा उत्साह निस्तरणें सोपें गेलें. टंक निवडतांना ल आणि श हीं अक्षरें मराठी वळणाचीं आहेत ना, हें आधीं पाहावें. पुष्कळ टंकांत तीं हिंदी वळणाचीं असतात. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा टंक या दृष्टीनें मला निर्दोष वाटला.

येथवर सर्व कौतुकाचें होतें. फाटक्या घड्या व वाळवीचे डाग बुजविण्याचें काम पुतण्याकडे होतें. ‘क्लोन’ नांवाचें साधन एका जागेचा कागद उचलून दुसऱ्या जागीं जसाच्या तसा चिकटवितें. ‘हील’ तोच तुकडा शेजारच्या रंगाशीं मिळवून घेतें, इतका कीं सांधा शोधून सांपडूं नये. हें सर्व तो मूळ चित्राच्या नकलेवर करीत होता, एवढें बरें. तिसऱ्या दिवशीं तो म्हणाला, “काका, एवढा एक शाईचा डाग राहिला. तो पुसला कीं झालें.”

मीं चष्मा सरसावून पाहिलें. आजोबांच्या पानाशेजारचें एक पान निळ्या शाईनें माखलेलें होतें. लहानपणापासून आम्ही त्यास डागच समजत आलों होतों. पण मोठें करून पाहतां त्या डागाला टोंकें दिसलीं. डाग पसरतो, हा ओढलेला होता. सहा-सात रेघा, एकाच हाताच्या, एकावर एक.

संगणकांतील रंगीत चित्र तांबड्या, हिरव्या व निळ्या अशा तीन प्रकाशांचें मिळून होतें, व ‘डिकंपोज’ या आज्ञेनें तीं तीन चित्रें सुटीं करितां येतात. निळी शाई निळा प्रकाश परत पाठविते. काजळ सगळे प्रकाश गिळतें. जुना पिवळट कागद निळ्याच्या चित्रांत थोडा काळवंडतो, आणि निळी रेघ त्यांत विरून जाते. पुतण्यानें तें तिसरें चित्र पुढें आणिलें मात्र, आजोबांच्या वळणदार बोरूनें लिहिलेलें एक नांव स्पष्ट वाचतां आलें. तें त्यांच्या धाकट्या भावाचें. हे लहानपणींच वारले, असें आम्हीं ऐकिलें होतें.

आत्या आमच्यांत वडील, वय ८८. त्या म्हणाल्या, “वारले कशाचे! सेहेचाळीस सालीं काकांनीं पुनर्विवाह केला. नंतर अण्णांनीं फाउंटन पेन घेतलें आणि नांव खोडलें. मीं पाहिलें आहे.”

त्या रात्रीं घरांत बराच वाद झाला. बंधूंचें म्हणणें, मंगल प्रसंगीं जुनीं गाऱ्हाणीं उकरूं नयेत. डाग पुसून कोरें पान ठेवावें, कोणी विचारणार नाहीं. पुतण्या तावातावानें म्हणाला, पुसावयाच्याच असतील तर त्या निळ्या रेघा पुसा, अन्याय तेवढा नाहींसा होईल व नांव उजळून निघेल. दोन्ही गोष्टी त्या साधनानें अर्ध्या घटकेंत झाल्या असत्या. पुतण्याचें म्हणणें मला प्रथम पटलें होतें, हें कबूल करितों. पण आपल्या आजोबांनीं असें कधीं केलेंच नाहीं, असा देखावा नातवंडांपुढें उभा करण्याचा मला तरी अधिकार कोणता? मी गप्प बसलों. आत्याच शेवटीं बोलल्या. “रेघ राहूं द्या. नांव अण्णांनींच लिहिलें आणि रेघही अण्णांनींच मारली. दोन्ही त्यांचेंच अक्षर.”

तेव्हां तळचा थर आहे तसा ठेविला, रेघांसकट. त्यावर नवा थर घेऊन खोडलेल्या पानाशेजारीं दुसरें पान काढिलें व काकांचें नांव पुन्हां लिहिलें. नवें जें जें लिहिलें तें तांबूस शाईनें, म्हणजे छापल्यावर थर दिसेनासे झाले तरी आजोबांचें कोणतें व आमचें कोणतें, हें कोणासही कळावें. हें चाललें असतां सूनबाईंनीं सहज विचारिलें, “मग आत्याबाईंचें पान कोणतें?” आम्ही दोघे बंधु एकमेकांकडे पाहूं लागलों. ज्यांच्या शब्दावर घरचा वाद मिटला, त्यांचें नांव त्या झाडावर कोठेंच नव्हतें. म्हणून आणखी एक थर वाढला. त्यावर घरांतील लेकी-सुना येत आहेत. तें काम अजून पुरें झालेलें नाहीं, कारण पणजीच्या पलीकडचीं नांवें विचारावयास आतां आत्यांखेरीज कोणी उरलेलें नाहीं, आणि त्यांना दुपारीं चारनंतरच आठवतें.

काकूंचें नांवही त्यांनाच ठाऊक. लग्नानंतर काका एकदांच काकूंना घेऊन आले होते. काकूंना ओसरीवरच बसविलें. तेव्हां आत्या नऊ वर्षांच्या. काकूंनीं त्यांच्या पाटीवर आपलें नांव लिहून दाखविलें होतें. तें मीं टंकानें न लिहितां ‘इंक’नें लिहिलें, हात कांपला, पण वळण बरें आलें. “दुसरें अक्षर दीर्घ,” असें आत्यांनीं दोनदां बजाविलें.

तयार झाल्या भागाची एक प्रत हैदराबादेस टपालानें पाठविली आहे. पत्ता आत्यांच्या ट्रंकेंतील एका जुन्या पाकिटावर होता. तेथें आतां कोण राहतें तें पाहावयाचें. मार्गशीर्षास अजून अवकाश आहे.