घरांतला संगणक : डिस्कची वाटणी

एकत्र कुटुंबांत वाटणीचा शब्द निघाला, कीं वडील माणसांच्या छातींत धस्स होतें. मध्यंतरीं आमच्या घरीं हा शब्द निघाला. पण वाटणी व्हावयाची होती ती संगणकाच्या डिस्कची.

घरच्या जुन्या संगणकावर विंडोज राहूं द्यावें आणि शेजारीं लिनक्सहि नांदवावें, असा आमच्या चि. पुतण्याचा मानस. जागा पुष्कळ मोकळी होती. त्यानें एका रात्रीं आरंभ केला. परंतु चाराहून अधिक प्राथमिक विभाग करतां येत नाहींत, असें यंत्रानें त्यास साफ सांगितलें.

कारण असें. जुन्या पद्धतीच्या डिस्कच्या आरंभीं ५१२ बाइटांचें एक पान असतें. त्यांतील अवघ्या ६४ बाइटांत तिचें वाटणीपत्र लिहिलेलें असतें. एका नोंदीस १६ बाइट लागतात, म्हणजे नोंदी चारच. १९८३ सालच्या डॉसपासून चालत आलेली ही रीत. आमच्या डिस्कवर चारहि नोंदी भरलेल्या होत्या. विभागांस आम्हीं नांवें दिलीं नव्हतीं. यादींत नुसते क्रमांक दिसत. मुलानें तिसरा विभाग रिकामा समजून पुसला. त्यांतच माझ्या कै. मातोश्रींच्या आवाजांतील मंगळागौरीचीं गाणीं होतीं!

सकाळीं तो खालीं मान घालून उभा राहिला. मीं एवढेंच विचारलें, "त्या जागेवर नवें कांहीं लिहिलेंस काय?"

"नाहीं, काका. भीति वाटली, म्हणून यंत्रच बंद केलें."

त्या भीतीनेंच आम्हांस तारलें. वाटणीपत्रांतील ओळ खोडली म्हणजे खोली पाडली असें नव्हे. नवें सामान येईपर्यंत जुनें बहुधा तेथेंच असतें. 'टेस्टडिस्क' हा विनामूल्य प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालविला, हरवलेल्या विभागाच्या सीमा सांपडल्या आणि नोंद पुन्हां लिहिली. सायंकाळीं तो आवाज ऐकून सौ. वहिनींनीं डोळ्यांस पदर लावला.

वाचकांनीं चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. प्रथम सर्व संग्रहाची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी. जुन्या पद्धतींत चारांपैकीं एक विभाग 'एक्स्टेंडेड' ठेविल्यास त्याच्या पोटांत आणखी विभाग करतां येतात. नव्या संगणकांवरील जीपीटी पद्धतींत सामान्यतः १२८ नोंदी मावतात आणि वाटणीपत्राची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटीं असते. मात्र तेथील 'ईएफआय' हा लहानसा विभाग कधींहि फॉरमॅट करूं नये, कारण सर्व प्रणालींच्या प्रवेशद्वाराच्या किल्ल्या त्यांतच असतात. शेवटीं, विंडोजचा विभाग लहान करणें तें विंडोजमधूनच करावें, आणि त्याचें 'फास्ट स्टार्टअप' आधीं बंद करावें.

गाण्यांची प्रत निघाल्यावरच पुतण्यानें पुन्हां कामास हात घातला. त्यापूर्वीं मात्र तो घरांतील प्रत्येकाकडे जाऊन विचारून आला, "तुमचें कोठें काय ठेविलें आहे?" वाटणी कोणतीहि असो, हा प्रश्न आधीं विचारावा.