टँकर व्हेंडर - २

परवा हापिसात बीसीपीचं ऑडिट झालं. बीसीपी म्हणजे बिझनेस कंटिन्युइटी प्लॅन. मराठीत सांगायचं तर आभाळ कोसळलं तरी क्लायंटला कळता कामा नये याची तयारी. चाळीस पानी डॉक्युमेंट. सर्व्हरला बॅकप, बॅकपला बॅकप, इंटरनेटच्या दोन लाइनी, तीन दिवसांचं डिझेल. आणि पाणी? एक ओळ. "टँकर व्हेंडर - २".

मी विचारलं, "हे दोघं पाणी भरतात कुठून?"

मीटिंगमध्ये शांतता. मग ॲडमिनवाला म्हणाला, "सर, ते त्यांचं त्यांना माहीत."

हा प्रश्न मला पुण्यात सुचलेला नाही, चेन्नईत सुचला. जून २०१९ मध्ये प्रोजेक्टसाठी मी तिथे ओएमआरवर होतो. ओल्ड महाबलीपुरम रोड, म्हणजे चेन्नईचं हिंजवडी समजा. काचेच्या इमारतींची रांग, पण बऱ्याच भागाची भिस्त 'तण्णी लॉरी'वर, म्हणजे टँकरवर. त्या महिन्यात पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम या चार तलावांत मिळून क्षमतेच्या एक टक्काही पाणी उरलं नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! आमच्या हापिसात एकाआड एक मजल्यावरची टॉयलेटं बंद, कँटीनमध्ये कागदी ताटल्या. आठवड्याभरात मेल आली, घरून काम करा. ओएमआरवरच्या बऱ्याच कंपन्यांनी तेव्हा हेच केलं.

डिलिव्हरी वेळेवर, क्लायंट खूश, बीसीपी यशस्वी. फक्त माझ्या टीममधली एक मुलगी रोज चारचा कॉल चुकवायची. मी तिला दोनदा झापलं. तिसऱ्यांदा तिनं सांगितलं, गल्लीत लॉरी येते ती चारलाच, आणि घागरी घेऊन रांगेत उभं राहायला घरात दुसरं कोणी नाही. म्हणजे आम्ही कंपनीची तहान भागवलीच नव्हती, लोड बॅलन्सरसारखी कर्मचाऱ्यांच्या घरी वळवली होती. पाणी नसलेल्या शहरात 'घरून काम' हा उपाय कसा, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

आणि गंमत बघा. याच शहरात साडेतीन वर्षांपूर्वी, डिसेंबर २०१५ च्या सुरुवातीला, तांबरमला चोवीस तासांत सुमारे ४९० मिमी पाऊस पडला होता. पुण्यात अख्ख्या पावसाळ्यात पडतो त्याच्या निम्म्याहून जास्त! विमानतळ बंद पडला. २ डिसेंबरला 'द हिंदू'चा चेन्नईचा अंक निघू शकला नाही, १८७८ पासून पहिल्यांदाच. चेन्नईचा वर्षाचा पाऊस पुण्याच्या जवळपास दुप्पट, पण त्यातला बराचसा ऑक्टोबर ते डिसेंबरात धो धो कोसळतो. तो धरून ठेवायला पळ्ळिकरणैसारखी पाणथळ जागा होती. ती बुजवत बुजवत शहर वाढलं, आणि त्यात आमच्यासारख्या काचेच्या इमारतीही आल्या. बीसीपीत पूर आणि दुष्काळ ही दोन वेगळी प्रकरणं असतात. तिथे ती एकाच बगची दोन लक्षणं होती.

कंपन्यांना काहीच करता येत नाही हे मला पटत नाही. मोठ्या इमारतीत एसीचे कूलिंग टॉवर भरपूर पाणी पितात, आणि त्यांना पिण्याचं पाणी लागत नाही. शुद्ध केलेलं सांडपाणी चालतं. चेन्नईत कोडुंगय्यूर आणि कोयंबेडूला रोज साडेचार-साडेचार कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना देणारे प्रकल्प त्याच २०१९ मध्ये सुरू झाले. म्हणजे तंत्र आहे, पैसेही आहेत. पण आपल्याकडे विजेचं बिल मजल्यावार निघतं आणि पाण्याला मीटरसुद्धा नसतो. पुरात जमिनीखालच्या टाकीत गटाराचं पाणी शिरलं तर काय, हे तर कोणी विचारतही नाही. त्या दिवशी टँकर दारात उभा राहून तरी काय उपयोग?

असो. ॲडमिनवाला भला माणूस आहे. काल त्यानं खरंच फोन करून चौकशी केली. दोन्ही टँकर एकाच विहिरीवर भरतात. विहीर ज्या गावात आहे तिथल्या नळाला दिवसाआड पाणी येतं.

ऑडिटरनं हिरवा टिक आधीच मारलेला होता. डॉक्युमेंटमध्ये ओळ अजून तीच आहे.