जाड कातडीचा माणूस

इंग्रजी भाषेत 'थिक-स्किन्ड' असे एक विशेषण आहे. 'थिक' म्हणजे जाड व 'स्किन' म्हणजे कातडी. ज्याची कातडी जाड आहे, तो 'थिक-स्किन्ड'. ही घडण मराठी विद्यार्थ्याला परकी वाटण्याचे कारण नाही. नील आहे कंठ ज्याचा तो नीलकंठ, हा आपला बहुव्रीही समास तसाच घडला आहे. पाश्चात्त्य भाषाशास्त्रज्ञांनी तर अशा शब्दांसाठी 'बहुव्रीही' हे संस्कृत नावच उचलले.

घडण सारखी असली तरी अर्थ सारखा असतोच असे नाही. या विशेषणासाठी 'गेंड्याच्या कातडीचा' हा प्रतिशब्द चटकन सुचतो आणि विद्यार्थी तेथेच थांबतो. कयाधूच्या काठी गेंडा कोणी पाहिलेला नाही. त्याची कातडी मात्र घरोघरी ठाऊक आहे! मराठीत ही निव्वळ निंदा होय. ज्याला बोललेले लागत नाही, लाज ज्याच्या जवळ फिरकत नाही, तो गेंड्याच्या कातडीचा. इंग्रजीत मात्र हेच विशेषण स्तुतीसाठीही येते. लोकसेवकाने 'थिक-स्किन्ड' असावे, म्हणजे टीकेने खचून जाऊ नये, एवढाच तेथे अभिप्राय असतो. त्याचे शब्दशः भाषांतर करून एखाद्या सरपंचाचा सत्कार केला, तर तो बिचारा हार गळ्यात असतानाच मान खाली घालील.

मग स्तुतीच्या अर्थी कोणता शब्द घ्यावा? गीतेच्या बाराव्या अध्यायातील 'तुल्यनिंदास्तुती' हाही बहुव्रीहीच. पण ग्रामपंचायतीच्या सभेत तो फार जड होईल.

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे एक आख्यायिका सांगतात. संत नामदेवांना देवळासमोर कीर्तन करण्यास मज्जाव झाला, तेव्हा ते देवळामागे जाऊन कीर्तन करू लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. देऊळ फिरणे हा श्रद्धेचा विषय; नामदेवांचे वागणे मात्र विचार करण्याजोगे आहे. तो अपमान त्यांना लागला नसेल, असे मानवत नाही. कीर्तन मात्र थांबले नाही. अशा माणसाला मराठी भाषा 'सोशिक' म्हणते. सोशिकाची कातडी जाड नसते. घाव त्याला लागतो, तो सोसतो आणि हातचे काम चालू ठेवतो.

म्हणून निंदेच्या वाक्यात विद्यार्थ्याने गेंडा खुशाल आणावा. स्तुतीच्या वाक्यात मात्र 'सोशिक' लिहावे, आणि टीकेपुढे न डगमगणे एवढेच सांगायचे असेल, तर 'खंबीर'.