नाणे कोणाच्या हाती?

"बाबा, डोंबिवलीचा ब्लॉक विका आणि बंगळूरला आमच्याकडे या. मोठा बदल केला की माणूस जास्त सुखी होतो, हे आता सिद्ध झालंय!" परवा चिरंजीवांचा फोन आला. सौभाग्यवती चकल्यांच्या घाण्यात होत्या. झारा हातात तसाच धरून त्यांनी माझ्याकडे पाहिले.

वाचकहो, शास्त्र म्हटले की मी दबतो. चष्मा पुसून त्याने पाठवलेला शोधनिबंध वाचला. शिकागो विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी २०१३ साली इंटरनेटवर एक प्रयोग मांडला. नोकरी सोडू की नको, लग्न टिकवू की मोडू, अशा कात्रीत सापडलेल्यांनी यावे आणि नाणे उडवून कौल घ्यावा! २०,००० वर नाणी उडाली. सहा महिन्यांनी विचारपूस झाली, तेव्हा मोठ्या प्रश्नांत बदल करणारे लोक होते तिथेच राहिलेल्यांपेक्षा अधिक सुखी आढळले. २०२१ साली हा निबंध प्रसिद्ध झाला.

मला तो पटला. १९९८ साली गिरगावातल्या चाळीतल्या दोन खोल्या सोडून आम्ही डोंबिवलीस आलो. संडासापुढची रांग सुटली, नळाच्या वेळा सुटल्या, मुलाला अभ्यासाला खिडकी मिळाली. सहा महिन्यांनी कोणी विचारले असते, तर लोकलच्या दारात लोंबकळतानाही मी 'सुखी आहे' म्हटले असते.

आईला मात्र कोणी विचारले नाही. मीसुद्धा.

चाळीत तिचे दार दिवसभर उघडे. चारला चहाचे आधण ठेवले की गॅलरीतून कोणी ना कोणी आत येईच. डोंबिवलीतही ती चारला दार उघडून बसे. समोरची तिन्ही दारे बंद. एकदा मी रजेवर होतो. मुलगा शाळेत, घरात आम्ही तिघे, आणि आईने कप मांडले चार.

"हा कोणाचा गं?"

"असू दे रे. आलंच कोणी तर."

दोन वर्षांनी ती गेली. तोवर तो कप रोज मांडला जाई, आणि कोरडाच उचलला जाई.

ब्लॉक घेतल्याचा पस्तावा मला आजही नाही. तिला न विचारता घेतला, याचा आहे. विचारले असते तरी ती 'नको' म्हणाली नसती. पण पहिल्याच आठवड्यात तिला घेऊन मी त्या तीन दारांवर थाप तरी मारली असती.

लेव्हिटसाहेबांचा हिशेब चुकलेला नाही. त्यांनी सुख मोजले ते नाणे उडवणाऱ्याचे, आणि तोही आधीच मनात घुटमळत असलेला. आपल्याकडे बिऱ्हाड एकट्याचे हलत नाही. एकजण नाणे उडवतो, बाकीचे सामान बांधतात.

या खेपेस सामान बांधणारा मी आहे. म्हणून काल चिरंजीवांना एवढेच विचारले, "तुमच्या इमारतीत दुपारी चारला दार उघडं असणारं एखादं घर आहे का रे?"

तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "बघून सांगतो, बाबा."

सौभाग्यवतींनाही विचारले, "तुला काय वाटतं? जायचं?"

"आधी त्याला बघून तर येऊ दे," त्या म्हणाल्या, आणि त्याला पाठवायचा चकल्यांचा डबा बाजूला ठेवून त्यांनी त्याहून मोठा काढला. "एवढ्यात शेजाऱ्यांनाही पुरतील."